पीसीक्यू-२४: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी कितपत कामाची?

मानसिक भांडवल (आत्मविश्वास, आशा, चिवटपणा आणि आशावाद मिळून) आणि नवकल्पना यांचा संबंध तपासायचा असला की नर्सिंगच्या प्रबंधांत मानसिक भांडवल मोजायला सहसा पीसीक्यू-२४ वापरतात. फ्रेड लुथान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही प्रश्नावली २००७ साली प्रसिद्ध झाली. ती माइंड गार्डन ही प्रकाशनसंस्था देते. वापरायची असो, भाषांतर करायचं असो की एखादं वाक्य बदलायचं असो, आधी त्यांची परवानगी काढावी.

रचना सुटसुटीत आहे. एकूण २४ विधानं: १ ते ६ आत्मविश्वास, ७ ते १२ आशा, १३ ते १८ चिवटपणा, १९ ते २४ आशावाद. प्रत्येकाला १ (अजिबात पटत नाही) ते ६ (पूर्ण पटतं) गुण. मधला 'सांगता येत नाही' हा पर्याय नाही, आणि ते बरंच आहे; नाहीतर कुंपणावर बसणारे वाढतात. भरायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

गडबड होते ती गुण मोजताना. १३, २० आणि २३ ही विधानं उलटी आहेत, म्हणजे ती जितकी जास्त पटतील तितकं भांडवल कमी. तिथे मिळालेले गुण ७ मधून वजा करायचे. समजा, एखादी विद्यार्थिनी खरोखर आशावादी आहे: चार सरळ विधानांना तिने ५ दिले आणि २० व २३ ला २. उलटे न करता सरासरी काढली तर ४ येते, खरी आहे ५. आशावादाच्या सहांपैकी दोन विधानं उलटी असल्यामुळे ही चूक तिथेच सर्वांत जास्त भोवते आणि अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) घसरतो. मग दोष प्रश्नावलीला दिला जातो. एक्सेलमध्ये बेरजेआधी हे तीन रकाने वेगळ्या रंगात ठेवावेत. सगळीकडे ६ वर खूण करत सुटलेले कागदही याच तीन विधानांवरून पकडता येतात.

दुसरी अडचण मूळ घडणीतलीच आहे. प्रश्नावली नोकरदारांसाठी बनलेली, त्यामुळे तिच्यात कंपनी, पुरवठादार, ग्राहक येतात. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला यांचं काय? तिच्या जगात वॉर्ड, इन्चार्ज सिस्टर, ट्यूटर आणि पेशंटचे नातेवाईक आहेत. परवानगी घेऊन ही वाक्यं बदलावीत आणि आधी छोट्या गटावर तपासून पाहावीत. पीसीक्यू-१२ ही छोटी आवृत्ती आहे, पण तिच्यात आशावादाची दोनच विधानं उरतात. त्या घटकाचा वेगळा निष्कर्ष काढू नये.

नवकल्पनेसाठी यानसन यांची २००० सालची नऊ विधानांची मोजपट्टी सोबत जोडतात. कल्पना सुचणं, ती पटवून देणं, अमलात आणणं, असे तिचे तीन भाग. इथे आमचं मत स्पष्ट आहे: तिसऱ्या भागात कमी गुण आले म्हणून विद्यार्थिनीला कमी लेखू नका. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची असते. त्यासाठी एखादी मुलगी पुठ्ठ्यावर घड्याळ काढून, डावी-उजवी-पाठ अशा खुणा करून खाटेला लावते. बेडसोर टाळायला अशी खूण फार उपयोगी. पण ते घड्याळ खाटेवर राहणार की नाही, हे इन्चार्ज सिस्टर ठरवते. तिथे मिळणारा गुण निम्मा वॉर्डाचा असतो.

दोन्ही प्रश्नावल्या एकाच बैठकीत, एकीकडूनच भरून घेतल्या की त्यांच्यातला संबंध फुगलेला दिसतो. नवकल्पनेचे गुण शक्यतो क्लिनिकल इन्स्ट्रक्टरकडून घ्यावेत. ते जमत नसेल तर दोन्हींत निदान पंधरा दिवसांचं अंतर ठेवावं. कागदांवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असावा आणि ते ट्यूटरने गोळा करू नयेत. इंटर्नल मार्क ज्यांच्या हातात, त्यांच्यासमोर कोण स्वतःला २ देईल?

बॅचची सरासरी पाहायला, प्रशिक्षणाआधीची आणि नंतरची तुलना करायला पीसीक्यू-२४ चांगली आहे. लुथान्स यांच्या गटानेच २००६ मध्ये एक ते तीन तासांचं छोटं प्रशिक्षण सुचवलं होतं. कॉलेजच्या वेळापत्रकात ते सहज बसतं. प्रवेश द्यायला किंवा कुणाला आयसीयूत पाठवायचं हे ठरवायला मात्र ती अजिबात वापरू नये.