विमानांसाठी कागद, मुंबईच्या हवेत: जून ते डिसेंबरचा अनुभव

कागद घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ‘किती जीएसएम?’ (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम) हाच असतो. सात महिने वेगवेगळे कागद वापरल्यावर तो दुसऱ्या नंबरवर गेला. इथे विमान बिघडतं ते आधी ओलीमुळे, मग तंतूंच्या दिशेमुळे. वजनाचा नंबर त्यानंतर.

वापरलेले कागद: झेरॉक्सचा ७० आणि ७५ जीएसएम, १०० जीएसएम एफोर, घोटीव, पतंगाचा कागद आणि कार्डशीट. सुटे ताव क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर हात लावून, वाकवून बघता येतात; ऑनलाइन मागवलेल्या रिमचं तसं नाही.

रोजच्या विमानाला ७५ जीएसएम सगळ्यात बरा. एफोर म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग, त्यामुळे जीएसएमला १६ ने भागलं की एका कागदाचं वजन मिळतं: ७५ चा साधारण ४.७ ग्रॅम, १०० चा ६.२५. १०० जीएसएमला जोरदार हात लागतो. २०१२ साली जॉन कॉलिन्स यांनी घडवलेलं आणि जो अयूब यांनी फेकलेलं विमान ६९.१४ मीटर गेलं, ते १०० जीएसएमचंच होतं. पण फेकणारा अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू लांब फेकणारा खेळाडू होता आणि जागा बंद हँगर. चाळीच्या गॅलरीत दहा मीटर सरळ जायचं तर ७५ पुरे. ७० जीएसएम कोरड्या दिवसांत चालतो, जुलैत मात्र त्याचे पंख तासाभरात लोंबायला लागतात.

कारण सोपं आहे. कागदाचा तंतू ओल पिऊन जाडीला फुगतो, लांबीला फारसा नाही. म्हणून कागद तंतूंना आडवा वाढतो आणि वळतो. दिशा ओळखायला एकाच कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापा, एक उभी, एक आडवी. टोकाला धरल्यावर जी कमी वाकते तिच्यात तंतू लांबीला आहेत. विमानाची मधली घडी तंतूंच्या दिशेने आली तर धारदार बसते. आडवी आली तर जाड कागद तिथे फाटल्यासारखा खडबडीत होतो.

घडी ही वापरली: एफोर उभा ठेवून मधोमध घडी, उलगडा. वरचे दोन्ही कोपरे मध्यरेषेवर आणा, त्रिकोण होईल. तो आख्खा खाली दुमडा. टोक वरच्या कडेपासून १०.५ सेंटिमीटरवर येतं. आता नव्या वरच्या कडेचे कोपरे मध्यरेषेवर ८ सेंटिमीटरवर भेटवा, म्हणजे अडीच सेंटिमीटरचं टोक बाहेर उरेल. ते वर दुमडलं की कोपऱ्यांना कुलूप लागतं. मग उलट बाजूने मधोमध घडी घाला, टोक बाहेर दिसलं पाहिजे. पंख दुमडताना खाली २.२ सेंटिमीटर धड ठेवा. घड्या नखाने नको, पट्टीच्या कडेने दाबा. पंखांची टोकं धडाजवळच्या बाजूपेक्षा किंचित उंच हवीत. दोन्ही पंख खाली झुकले की विमान गिरकी घेतं.

नाक खाली खुपसत असेल तर पंखांच्या मागच्या कडा २-३ मिलिमीटर वर वळवा. वर चढून, थबकून पडत असेल तर त्या कडा सपाट करा. तरी सुधारलं नाही तर नाकाला एक यूक्लिप. डावीकडे वळत असेल तर फक्त उजव्या पंखाची मागची कड किंचित वर. एका वेळी एकच बदल, नाहीतर काय उपयोगी पडलं ते कळत नाही. शिवाजी पार्कात दुपारच्या समुद्री वाऱ्यात यातलं काहीच तपासता येत नाही. जिना किंवा हॉल बरा.

घोटीव कागद दिसतो छान, पण रंग एकाच बाजूला, घडीवर पांढरी रेघ उमटते. पक्षी, फुलं ठीक, विमानाला नको. पतंगाचा कागद घडी धरतच नाही. त्याची जागा कंदिलाच्या करंज्यांत आणि झिरमिळ्यांत, जशी माहीमच्या कंदील गल्लीत दिसते. तिथेही पातळ फेव्हिकॉल लावला की सुरकुत्या पडतात, कारण त्यातलं पाणी. ग्लू स्टिक किंवा घट्ट खळ वापरा; पावसाळ्यात खळ दोन दिवसांत आंबते, थोडीच करा. कार्डशीट विमानाला जड. खोकी करायची तर घडीच्या जागी आधी रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या.

साठवणीची तक्रार एका महागड्या रिमबद्दल: वेष्टन साधंच होतं, आतला ओलरोधक थर नव्हता, ऑगस्टमध्ये वरचे पन्नासेक कागद पन्हाळीसारखे झाले. आता लागतील तेवढेच कागद काढून बाकी रिम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, सपाट, लोखंडी कपाटात. भिंतीला टेकवून नाही. ओलसर कागदावर मंद इस्त्री पाच-सहा सेकंद फिरवली की तो सरळ होतो, पण घडी लगेच घाला. अर्ध्या तासाने परत तेच.