गॅस्ट्रिक बँडचे सतरा महिने: बँड टिकला, पोर्टने दगा दिला

वजन कमी करण्यासाठी माझ्या जठराच्या वरच्या भागाभोवती बसवलेल्या, सलाइन भरून घट्ट-सैल करता येणाऱ्या बँडमध्ये ६ मिलिलिटर सलाइन असायला हवे होते. सर्जनने सुई घालून सगळे ओढून घेतले, तेव्हा सिरिंजमध्ये जेमतेम अडीच मिलिलिटर आले. उरलेले साडेतीन मिलिलिटर गेल्या दोन महिन्यांत थेंबाथेंबाने पोटात झिरपून गेले होते. सलाइनच असल्यामुळे शरीराला त्याचा काही अपाय झाला नाही; अपाय झाला तो वजनाला आणि खिशाला.

शस्त्रक्रियेचे वर्णन थोडक्यात आटोपते. ती दुर्बिणीद्वारे झाली, जठर कापावे किंवा शिवून लहान करावे लागले नाही, दुसऱ्या दिवशी मी घरी आले, आणि पातळ, मग घोटलेले, मग मऊ अन्न या क्रमाने काही आठवडे निघून गेले. शस्त्रक्रियेच्या वेळी माझे वजन ११८ किलो होते आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ४३. या टप्प्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती पोर्टबद्दल. शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांनी मला बँडची माहिती दिली. कातडीखाली, पोटाच्या स्नायूच्या आवरणाला टाके घालून बसवलेल्या, नळीने बँडला जोडलेल्या त्या चकतीबद्दल, म्हणजे पोर्टबद्दल, कोणी दोन वाक्येही बोलले नाही. वास्तविक बँड घट्ट किंवा सैल करण्याची सारी सोय या चकतीतूनच असते. तिच्या मधल्या सिलिकॉनच्या पडद्यातून ह्यूबर सुई घालून सलाइन भरतात. साधी सुई त्या पडद्याचा बारीक तुकडा कापून काढते आणि मग तेथून गळती होते, म्हणून ही खास सुई. सर्जन लुबोमिर कुझमाक यांनी फुगवता येणारा बँड १९८६ मध्ये पहिल्यांदा बसवला, अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने अशा बँडला २००१ मध्ये मान्यता दिली. तरीही चाचपडून टोचण्याची पद्धत अजून तशीच आहे, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

पहिले सलाइन सहा आठवड्यांनी भरले. त्यानंतर सात महिन्यांत आणखी तीन वेळा भरले आणि दर खेपेला वेगळे शुल्क द्यावे लागले. मी हिशेबाची वही ठेवते. तिच्यात एका बाजूला मिलिलिटर आणि दुसऱ्या बाजूला रक्कम लिहिलेली आहे. शस्त्रक्रियेचा खर्च विचारताना पुढच्या सगळ्या फिलचा, म्हणजे सलाइन भरण्याचा, खर्चही विचारून घ्यायला हवा होता, हे ती वही चाळताना लक्षात आले.

त्या काळात बँडबद्दल माझे मत फारसे चांगले नव्हते. सकाळी तो अधिक आवळल्यासारखा वाटे, घाईत घेतलेला एखादा घास छातीच्या मध्यावर अडून बसे, तोंडाला चिकट लाळ सुटे आणि शेवटी तो घास बाहेरच काढावा लागे. चौथ्या फिलनंतर तर रात्री आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येऊन खोकला लागत असे, म्हणून अर्धा मिलिलिटर परत काढून घ्यावा लागला. मला वाटे, हे यंत्र भूक मुळीच कमी करत नाही, फक्त गिळण्याची शिक्षा देते. आइसक्रीम आणि मिल्कशेक मात्र विनातक्रार खाली उतरत असत, ही त्यातली आणखी एक लबाडी. तरीही दहाव्या महिन्यात वजन ९६ किलोवर आले होते.

त्याच महिन्यात पाचवे फिल झाले आणि बँडमध्ये ६ मिलिलिटर झाले. पोर्ट किंचित कलंडला होता, एक्स-रे न पाहता बोटांनी चाचपून सुई घातली गेली, आणि दोनदा चुकल्यावर तिसऱ्या वेळी ती बसली. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत अडकणे थांबले, तेव्हा मी खूश झाले होते; आता शरीराला सवय झाली, अशी माझी समजूत. मग जेवणानंतर तासाभरात पुन्हा भूक लागू लागली. ही भूक मी जवळजवळ वर्षभर अनुभवली नव्हती आणि ती नाहीशी झाली होती, हेही मला कळले नव्हते. माझे मत बदलले ते येथे. जठराच्या वरच्या लहानशा कप्प्यावर बँडचा हलका दाब असला की थोड्या अन्नावरही पोट शांत राहते, हे मला तो दाब गेल्यावर समजले. दोन महिन्यांत वजन १०० किलो झाले.

रुग्णालयाचे म्हणणे पडले की नळी झिजली. नळीत रंगद्रव्य सोडून घेतलेल्या एक्स-रेमध्ये मात्र छिद्र पोर्टला लागूनच दिसले, सुईची चुकलेली टोके जेथे गेली असतील नेमके तेथेच. यावर तीन भेटी, दोन लेखी अर्ज आणि बराच वाद झाला. अखेर शल्यशुल्क माफ झाले; नव्या पोर्टचे आणि भूलतज्ज्ञाचे पैसे मीच भरले. दुसरीकडे जावे म्हटले तर तेही सोपे नाही, कारण आता बहुतेकांचा कल स्लीव्हकडे, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेकडे, आहे, आणि बँड बसवणारे कमी झाले की तो सांभाळणारेही कमी होतात. पोर्ट व त्यालगतची नळी बदलण्याची शस्त्रक्रिया लहानच होती. मूळ बँडला हातही लावावा लागला नाही, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदवते.

आज वजन ९५ किलो आहे, म्हणजे जादा वजनापैकी निम्म्याच्या आतबाहेर उतरले आहे. बँडकडून साधारण एवढीच अपेक्षा धरायची असते, आणि त्याबाबत त्याने मला फसवलेले नाही. सध्या आत साडेपाच मिलिलिटर आहेत, रात्रीचा खोकला नाही. प्रत्येक वेळी नवे सलाइन भरण्यापूर्वी जुने ओढून मोजायचे, पोर्ट एक्स-रेच्या पडद्यावर पाहूनच टोचायचे आणि मोजलेला आकडा माझ्या वहीत सही करून लिहायचा, या तीन अटी मी लेखी मान्य करून घेतल्या आहेत. सर्जनने तिसऱ्या अटीवर थोडा वेळ कपाळाला आठ्या घातल्या, पण सही केली.