प्रभुभोजनाचे तयार कप : सोय आहे, पण आत द्राक्ष किती?

आमच्या बेळगावच्या मेथडिस्ट मंडळीत, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चमध्ये, प्रभुभोजनाचं मेज लावायचं काम माझ्याकडे असतं. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षाचा प्याला घ्यायचा, तो हा विधी. सीझनला अथणीकडची काळी द्राक्षं आणून रस उकळायचा, इतर वेळी मनुका भिजवून. मग गाळणं, इवल्या इवल्या पेल्या भरणं, नंतर त्या धुणं. त्यामुळे पाळकसाहेबांनी ऑनलाइन मागवलेल्या तयार कपांचा खोका हातात दिला तेव्हा बरंच वाटलं. अंगठ्याएवढा प्लास्टिकचा कप, तळाशी जांभळं पेय, त्यावर पापुद्रा, त्यावर भाकरीची चकती आणि वर आणखी एक पापुद्रा.

सांडत नाही, धुवायचं काही नाही, हे खरं. पण म्हाताऱ्या बोटांना दोन पापुद्रे वेगळे सुटत नाहीत. दोन्ही एकदम निघतात आणि पदरावर जांभळा डाग. भाकर देताना येशूने म्हटलेले 'हे माझे शरीर आहे' हे शब्द चाललेले असताना बाकाबाकावरून कुरकुऱ्याची पाकिटं फोडल्यासारखा आवाज येतो. चकती तर जिभेवर कागदासारखी चिकटते. बायबलात प्रेषित पौल म्हणतो, भाकर एक म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर आहोत (1 करिंथ 10:17). इथे ज्याची त्याची सीलबंद.

हेही चालवून घेतलं असतं. पण लेबल वाचलं : पाणी, साखर, थोडासा द्राक्षरस, रंग, फ्लेवर.

पेयात दारू नाही ही तक्रार नव्हे, आम्हा मेथडिस्टांना बिनदारूचंच हवं. 1869 साली अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्यांनी पाश्चरची युक्ती वापरून रस तापवला आणि न आंबवता बाटलीत भरला, तो प्रभुभोजनासाठीच. त्याआधी आमचे मेथडिस्टही वाईनच घेत, जॉन वेस्लीसुद्धा.

माझी शेजारीण कॅथलिक, कॅम्पातल्या फातिमा कॅथेड्रलला मिस्सेला, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेला जाते. तिथे वाईन आंबवलेलीच लागते. येशूने पाण्याची वाईन केली त्या गोष्टीवरून ती मला डिवचते, "काना गावच्या लग्नात प्रभूने सहा रांजणांत सरबत केलं होतं की काय गं?" पोटासाठी थोडा द्राक्षारस (मराठी बायबलात वाईनला हाच शब्द) घे असं पौलाने तीमथ्याला लिहिलं, हेही तिला पाठ. मी द्राक्षारसापासून सावध करणारं नीतिसूत्रे 20:1 काढते, आणि रोम 14:21 : ज्याने भाऊ अडखळतो तो द्राक्षारस न पिणं बरं. दारू सोडून मंडळीत आलेला माणूस त्याच बाकावर बसलेला असतो, त्याच्या ओठांना मी वास कसा लावू? मग ती हुकमाचं पान टाकते. येशूचं शेवटचं भोजन वल्हांडण या यहुदी सणाचं, तो सण वसंतात, आणि तिकडे द्राक्षांची तोड उन्हाळ्याच्या शेवटाला. तेवढे महिने रस फ्रीजशिवाय गोड राहिला कसा? यावर मी चहा टाकते.

तिलाच हा कप दाखवला. चष्मा लावून लेबल वाचलं आणि म्हणाली, "आमच्यात तर चालायचंच नाही." कॅथलिक नियमात वाईन द्राक्षाचीच, नैसर्गिक आणि न बिघडलेली लागते, फादर त्यात थोडं पाणी घालतात तेवढंच. आमचा वाद आंबवण्याचा, द्राक्षाचा कधीच नव्हता. मार्क 14:25 मध्ये प्रभूच्या हातातला प्याला द्राक्षवेलाच्या उपजाचा आहे. कारखान्याच्या फ्लेवरचा प्याला तिच्या वेदीवर बसत नाही, माझ्या मेजावरही नाही.

पाचांत दोन तारे. तेही अशासाठी, की पावसाळ्यात पाळकसाहेब खानापूरकडच्या खेड्यांत अंथरुणाला खिळलेल्यांना प्रभुभोजन द्यायला स्कूटरवरून जातात, तेव्हा डिकीत बाटली-पेल्यांपेक्षा हे बरे. तेवढ्यासाठी मागवायचे तर नुसता द्राक्षरस असलेले बघून घ्या, आणि सगळा खोका घेण्याआधी एक कप एखाद्या आजीच्या हातात देऊन उघडतो का बघा.