छतातच बसवलेले सौर सेल : फायबरच्या होडीवरचा वर्षभराचा अनुभव

कर्ली खाडीत पर्यटकांना फिरवणाऱ्या आमच्या होडीचे छत मी गेल्या वर्षी एका फायबर कार्यशाळेकडून नव्याने करून घेतले. जुन्या छतावर काचेची दोन सौर पॅनेल होती. नव्या छतात सौर सेल वरच्या थरातच रेझिनमध्ये, म्हणजे फायबरला घट्ट करणाऱ्या राळेत, घातलेले आहेत. काचेचे पॅनेल दर चौरस मीटरला दहा-बारा किलो भरते आणि ते वजन होडीच्या सर्वांत उंच जागी येते. ते उतरल्यापासून वळताना होडी पूर्वीइतकी कलत नाही, आणि केवळ एवढ्यासाठीही मी हे काम पुन्हा करून घेईन.

मात्र आमच्या छतावर ताडपत्री बांधायला माणूस चढतो, आणि खरी परीक्षा तिथेच होते. पातळ सेल वाकतात, त्यामुळे भीती नाही, असे सांगताना कार्यशाळेने सोलर इम्पल्स २ या विमानाचा दाखला दिला होता. २०१५-१६ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या त्या विमानावरचे १७,२४८ सेल अवघे १३५ मायक्रॉन (०.१३५ मिलिमीटर) जाडीचे होते, हे खरेच आहे. पण सुटा सेल वाकणे वेगळे आणि जाड छताला चिकटलेला सेल वाकणे वेगळे, कारण चिकटलेल्या सेलला छताचा वरचा थर जितका ताणला जाईल तितके ताणले जावेच लागते.

आठ महिन्यांनी वीज कमी मिळू लागली, तेव्हा तडे नेमके छताला खालून आधार देणाऱ्या बरगड्यांच्या माथ्यावरच्या रांगेत सापडले. दोन बरगड्यांच्या मध्ये पाय पडला की तिथला वरचा थर दाबला जातो, आणि दाब सेलमधले सिलिकॉन पुष्कळ सोसते. बरगडीच्या माथ्यावर मात्र तोच थर ताणला जातो आणि ठिसूळ सेल तडकतो. तेवढी पट्टी सेलविना सोडली असती तर पुरे होते, परंतु मापे घेताना बरगड्यांची जागा कोणी विचारलीही नाही. तडकलेला सेल रेझिनमधून काढता येत नाही. बिघडलेल्या सेलना वगळून वीज पुढे नेणारे बायपास डायोड आहेत म्हणून उरलेले छत काम देते.

उन्हाचाही तोटा आहे. खाली फोम असल्याने सेलना वारा लागत नाही, ते तापतात, आणि त्यांचे तापमान २५ अंश सेल्सिअसपुढे गेले की प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटत जाते. तरीही दिवे आणि पाणी उपसण्याचा पंप यांना ती पुरते.

फायबरचे काम, जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा लेप) आणि वायरिंगची जलरोधक जोडणी यांत मला खोट आढळली नाही. दुसऱ्या होडीचे छतही मी त्यांच्याकडेच देणार आहे. या वेळी बरगड्यांचा आराखडा मी स्वतः काढून नेईन.