बडोद्याहून हनिमून: अंदमान की मालदीव, आणि बॅग किती वेळा भरायची

माझ्या मामेबहिणीचं लग्न येत्या माघात आहे. मामाच्या घरी, दांडिया बाजारात, मांडव आणि आचारी ठरून गेले, पण हनिमूनला अंदमान की मालदीव हे काही ठरत नाहीये. मी दोन्हीकडे बायकोबरोबर जाऊन आलोय. २०२३च्या फेब्रुवारीत, लग्नानंतर सहाव्या दिवशी, मालदीव. आणि २०२४च्या डिसेंबरात अंदमान. म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. फोनवर तुटक सांगण्यापेक्षा नीट लिहून काढतो, कारण बडोद्यातल्या आणखी दोन-तीन घरांत हीच चर्चा चालू असल्याचं कानावर आलंय.

निळं पाणी आणि पांढरी वाळू यांवर शब्द खर्च करत नाही. ती दोन्हीकडे आहेत आणि फोटोपेक्षा सुंदर आहेत.

आधी अंतराबद्दल. मामी म्हणाली, "अंदमान आपल्याच देशात, मालदीव परदेशात, मग जवळचंच बघा ना." नकाशावर उलट आहे. मुंबईहून मालदीवची राजधानी माले सरळ रेषेत साडेसोळाशे-सतराशे किलोमीटर, आणि अंदमानचं पोर्ट ब्लेअर बावीसशेच्या पुढे. (पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४च्या सप्टेंबरात श्री विजयपुरम झालं, तिथलं हॅवलॉक बेट २०१८पासून स्वराज द्वीप आणि नील बेट शहीद द्वीप आहे. पण बोलताना सगळे जुनीच नावं घेतात, म्हणून मीही इथे तीच वापरतो.) आम्ही मालदीवला जाताना बडोद्याहून रात्रीची गाडी धरली, पहाटे बोरिवलीला उतरलो, विमानतळ गाठला आणि दुपारी मालेला पोचलो. मुंबईहून विमान तीन तासांच्या आत उतरतं. अंदमानला जाताना बडोदा, मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर असे तीन टप्पे झाले आणि चेन्नईत अर्धी रात्र खुर्चीत काढावी लागली.

तरीही लांबचा प्रवास हे काही माझं मत ठरण्याचं कारण नव्हे. माणूस एकदा बसला की पोचतो. कारण आहे बॅग.

आपल्याकडचं लग्न कसं असतं ते सांगायला नको. साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, लग्न, स्वागत समारंभ, मग सत्यनारायण, काही घरांत जागरण-गोंधळ, वर कुलदैवताचं दर्शन. नव्या नवरीने त्या दहा दिवसांत किती वेळा साड्या काढल्या, घड्या घातल्या आणि बॅगेत भरल्या, हे तिलाच विचारा. माझी बायको सहाव्या दिवशी गाडीत बसली तेव्हा तिच्या हातावरची मेंदीसुद्धा फिकी झाली नव्हती आणि डोळे उघडे राहत नव्हते. अशा माणसाला त्या घडीला समुद्रापेक्षाही एका गोष्टीची गरज असते: एक खोली, जी चार दिवस सोडावी लागणार नाही.

आणि अंदमानची नेहमीची सहल नेमकी याच्या उलट बेतलेली असते. पाच रात्रींच्या पॅकेजमध्ये एक रात्र पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक, एक नील, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. कागदावर छान दिसतं, तीन बेटं बघून होतात. प्रत्यक्षात आम्ही पाच रात्रींत चार वेळा बॅगा भरल्या. बोट सकाळची, म्हणून नाश्ता घाईत. धक्क्यावर तासभर आधी पोचायचं, ओळखपत्र दाखवायचं, बॅगा तपासणीतून काढायच्या, त्या बोटीवर चढवल्या जाईपर्यंत लक्ष ठेवायचं, आणि पलीकडे उतरल्यावर ढिगातून आपल्या हुडकायच्या. ओले टॉवेल आणि पोहण्याचे कपडे वाळायला वेळच मिळत नाही, ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पुढच्या बेटावर न्यायचे. हॅवलॉकच्या खोलीत दुसऱ्या रात्री नऊ वाजता बायको जमिनीवर बसून त्याच बॅगेची चेन ओढत होती. ती म्हणाली, "आपण नेमके आलोय कुठे, बेटावर की बॅगेत?" हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

त्यात हवा बिघडली. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात. नीलला जायच्या दिवशी समुद्र खवळला आणि बोटी बंद झाल्या. यात कोणाची चूक नव्हती. बोट सोडली नाही हे योग्यच झालं. पण आम्ही खोली सोडलेली होती, बॅगा भरलेल्या होत्या, आणि बोट केव्हा सुटेल हे कोणीच सांगू शकत नव्हतं. सहा तास हॉटेलच्या ओसरीत बॅगांवर पाय ठेवून बसलो. समोर पन्नास पावलांवर समुद्र होता, पण केव्हाही बोलावणं येईल म्हणून जाता येत नव्हतं. नील राहिलंच. दुसऱ्या दिवशी थेट पोर्ट ब्लेअरची बोट मिळाली. लग्नाला दोन वर्षं होत आली होती, म्हणून आम्ही ते निभावून नेलं. हेच लग्नानंतर सहाव्या दिवशी झालं असतं तर, कोण जाणे.

मालदीवमध्ये एका बेटावर सहसा एकच रिसॉर्ट असतो. विमानतळसुद्धा एका स्वतंत्र बेटावर आहे आणि दाराबाहेर पडलं की धक्का. रिसॉर्टच्या माणसाने तिथेच आमच्या बॅगा घेतल्या, त्या आम्हाला थेट खोलीत दिसल्या. बॅग एकदा उघडली, कपडे कपाटात लावले, बॅग पलंगाखाली सरकवली. पाचव्या दिवशी सकाळी ती बाहेर काढली. मधल्या चार दिवसांत आपल्याकडे बॅग आहे हे आम्ही विसरलो होतो. माझ्या तराजूत सगळ्यात जड वजन याचंच आहे.

पण इथेही एक खड्डा आहे आणि त्यात माझा मावसभाऊ पडला. लांबच्या रिसॉर्टला सीप्लेनने जावं लागतं, आणि सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. त्याचं विमान संध्याकाळी पाचला मालेत उतरलं, म्हणजे सीप्लेन दुसऱ्या दिवशी. रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावरच्या हॉटेलात गेली आणि रिसॉर्टमधल्या पहिल्या रात्रीचे पैसेही गेले. शिवाय सीप्लेनमध्ये सामानाची मर्यादा साधारण वीस किलो मोठ्या बॅगेची आणि पाच किलो हातातल्या बॅगेची, भाडंही जबर. वरून दिसणारी प्रवाळांची वर्तुळं डोळ्यांचं पारणं फेडतात असं तो सांगतो, आणि ते खरंच असेल. आम्ही मात्र स्पीडबोटीने पाऊण तासाच्या आत पोचता येईल असं बेट निवडलं होतं. बोट अंधारातही जाते. त्यामुळे मालदीव ठरवलंत तर रिसॉर्टचे फोटो बघण्याआधी विमान किती वाजता उतरतं ते बघा. दुपारी तीनच्या आत उतरत असेल तर सीप्लेनचा विचार करा, नाहीतर स्पीडबोटीचंच बेट घ्या.

आता पैसे. इथे अंदमान सरळ जिंकतं आणि मी ते लपवणार नाही. मालदीवच्या रिसॉर्टमध्ये सगळा हिशेब डॉलरमध्ये, आणि दरपत्रकावरचा आकडा शेवटचा नसतो. त्यावर दहा टक्के सेवा आकार, मग त्या बेरजेवर पर्यटन जीएसटी. आमच्या वेळी तो सोळा टक्के होता, २०२५च्या जुलैपासून सतरा झालाय. म्हणजे शंभर डॉलरचं जेवण एकशे अठ्ठावीस-एकोणतीसला पडतं. शिवाय हरित कर, जो आम्ही माणशी रोज सहा डॉलर भरला. २०२५च्या जानेवारीपासून रिसॉर्टमध्ये तो बारा झाला. म्हणून किंमत विचारताना सर्व कर आणि बोटीच्या भाड्यासकट विचारा, आणि तिन्ही जेवणं धरूनच आरक्षण करा. बेटावर दुसरं हॉटेल नाही, साधी चहाची टपरीही नाही. आम्ही फक्त नाश्ता आणि रात्रीचं जेवण घेतलं होतं, आणि दुपारी जगदीशची भाकरवडी नि लीलो चेवडो यांवर चार दिवस काढले. शाकाहारी माणसाची आबाळ होईल ही सासूबाईंची भीती मात्र खोटी ठरली. भटारखान्यात दोन आचारी भारतीय होते, त्यांतल्या एकाने तिसऱ्या दिवशी न मागता वरण-भात आणून दिला.

कागदपत्रांचं थोडक्यात. मालदीवचा व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो. प्रवासाच्या आधीच्या शहाण्णव तासांत एक ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तो विसरू नका. नवरीचं तिकीट पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने काढा. लग्नानंतरचं नाव लावायची घाई तिकिटावर करू नका. दारू नेता येत नाही, आणि पूजेच्या मूर्तीही नेता येत नाहीत. सासूबाईंनी बायकोच्या बॅगेत पितळेचा छोटा गणपती ठेवला होता, तो आम्ही निघायच्या आदल्या रात्री देवघरात परत ठेवला. तिला ते जड गेलं, आणि मला ते समजलं. अंदमानला आधार कार्ड पुरतं, आणि गणपती आमच्याबरोबर होता.

संध्याकाळचा फरक कोणी सांगत नाही, पण तो मोठा आहे. अंदमान देशाच्या इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. हॅवलॉकवरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर आम्ही चहा पिऊन निवांत पोचलो तेव्हा लोक परतत होते. पहाटे उठणाऱ्यांना त्याचा फायदा आहे, साडेपाचला लख्ख उजाडतं. पण सूरसागरच्या काठावर ज्यांची संध्याकाळ सातला सुरू होते, त्या आपल्यासारख्यांना दिवस अर्धा कापल्यासारखा वाटतो. मालदीवचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे, पण काही रिसॉर्ट ते मुद्दाम तासभर पुढे ठेवतात. आमच्या बेटावर तसंच होतं. सव्वासातला सूर्यास्त, रोज, खोलीच्या पायरीवरून.

अंदमानच्या बाजूने जे सगळ्यात मोठं आहे ते मी शेवटी ठेवलंय, कारण त्याची तुलना करता येत नाही. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधला. सात पाख्यांपैकी तीन उरलेत. सावरकर १९११च्या जुलैत तिथे पोचले आणि १९२१च्या मे महिन्यात बाहेर पडले. थोरले बंधू बाबाराव त्यांच्याही आधीपासून त्याच तुरुंगात होते. बडोदेकराला आणखी एक धागा आहे. अरविंद घोष १८९३पासून तेरा वर्षं आपल्या बडोद्यात होते, दांडिया बाजारातलं त्यांचं घर मामाच्या घरापासून चालत जाण्याजोगं. त्यांचा धाकटा भाऊ बारींद्र काही काळ त्यांच्याकडे येऊन राहिला होता, आणि पुढे अलीपूर बॉम्ब खटल्यात शिक्षा होऊन याच तुरुंगात आला. तिथल्या एका कोठडीच्या दारातून आत पाहिलं आणि आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही. प्रत्येक मराठी माणसाने तिथे जावं असं मला मनापासून वाटतं. पण हळदीच्या अंगाने, पाच रात्रींच्या धावपळीत, दोन बोटींच्या मधल्या तीन तासांत ते उरकू नये, असंही तितकंच वाटतं.

अंदमानच करायचं असेल तर माझी पद्धत अशी असती: सकाळच्या विमानाने उतरून त्याच दिवशी दुपारच्या बोटीने हॅवलॉक, तिथे एकाच खोलीत सलग चार रात्री, नील वगळायचं, आणि शेवटचा एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरला ठेवायचा. दोनदाच बॅग भरावी लागेल. स्कूटर भाड्याने घेऊन बेटभर हिंडता येईल, बाजारात मासळीची थाळी खाता येईल, चार माणसं भेटतील. ज्यांना एका जागी बसवत नाही त्यांना मालदीवचं बेट तिसऱ्या दिवशी लहान वाटू शकतं. अर्ध्या तासात त्याला चालत प्रदक्षिणा होते. आम्ही असं अंदमान केलं असतं तर कदाचित मीही वेगळं लिहिलं असतं. पोवळी बघायची असतील तर मात्र आमच्या मालदीवच्या खोलीसमोर कंबरभर पाण्यात चष्मा लावून डोकं घातलं की मासे दिसत होते. हॅवलॉकला त्यासाठी एलिफंट बीचची वेगळी बोट आणि रांग.

मामेबहिणीने काल रात्री दोन्हीकडच्या तिकिटांचे दर पाठवले. मालदीवचं थोडं महाग होतं. मी दर पाहिले नाहीत, मालेला उतरायची वेळ पाहिली. दुपारी एक वाजून दहा मिनिटं. तिला लिहिलं, "घेऊन टाक, आणि बॅग एकच ने."