लाट कोणाची? गावातल्या शोसाठी सर्फिंगचे तीन सिनेमे

गावच्या वाचनालयात पडदा लावून एक सिनेमा दाखवायचा आणि मग तरुणांशी मर्दानगीवर बोलायचं असेल, तर सर्फिंगचे, म्हणजे फळीवर (बोर्डवर) उभं राहून लाटेवर स्वार होण्याच्या खेळाचे, सिनेमे जरूर बघा. विदर्भातून समुद्र लांब आहे, भांडण मात्र ओळखीचं. बंधाऱ्यावर परगावचा पोट्टा पोहायला उतरला की आवाज येतोच, "कोण्या गावचा बे?" सर्फिंगमध्ये हे लाटेवरून होतं. चांगली लाट ठरावीक जागीच फुटते, तिच्यावर रिवाजाने एकानेच स्वार व्हायचं. लाटा मोजक्या, उतरणारे फार. कॅलिफोर्नियातल्या लुनाडा बे इथे किनारा सार्वजनिक असूनही स्थानिकांनी दगडी अड्डा बांधला होता. तो २०१६ मध्ये पाडावा लागला.

'पॉइंट ब्रेक' (१९९१, दिग्दर्शक कॅथरिन बिगेलो) सगळ्यात वेगवान. एफबीआयचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचा, अधिकारी बँका लुटणाऱ्या सर्फरांमध्ये शिरतो. पोरं जागची हलणार नाहीत. पण टोळीचा म्होरक्या बोधी इतका रुबाबदार आहे की चर्चा त्याच्या कौतुकातच संपेल. नुसती गर्दी जमवायची असेल तर हा घ्या.

'द सर्फर' (२०२४) जास्त खोल जातो. यातला नायक (नट निकोलस केज) मुलाला घेऊन आपल्या लहानपणीच्या ऑस्ट्रेलियातल्या किनाऱ्यावर येतो, तर तिथली टोळी त्याला पाण्यात पायही ठेवू देत नाही. त्याचा बोर्ड हिसकावतात. तो मात्र पार्किंगमध्येच ठाण मांडून बसतो, उपाशी, तहानलेला. मला यातलं सगळ्यात बोचलं ते हे, की ज्यांनी लाथाडलं त्यांच्यातच त्याला सामील व्हायचं असतं. टोळी टिकते ती नुसत्या मारहाणीवर नाही, या ओढीवर. फक्त मुलगे बसणार असतील तर हा निवडा. वेग संथ आहे, हे आधीच सांगून ठेवा.

माझी पसंती 'प्युबर्टी ब्लूज'ला (१९८१, दिग्दर्शक ब्रूस बेरेसफोर्ड). सिडनीतल्या क्रोनुला किनाऱ्यावरच्या दोन मैत्रिणींची गोष्ट, दीड तासाच्या आत संपणारी. मुलगे लाटांवर, मुली वाळूत बसून त्यांच्याकडे बघत. म्हणजे 'बाहेरचा' ठरायला परगावचं असावं लागत नाही. त्याच गावची मुलगी असली तरी पुरे. बाकीच्या दोन्ही सिनेमांत ही बाजू इतकी समोर येत नाही. आणि शेवटाकडे या दोघी जे करतात त्यासाठी त्या कोणाची परवानगी मागत नाहीत. त्यात लैंगिक प्रसंग आणि अमली पदार्थ आहेत, म्हणून शाळकरी मुलांना दाखवू नका. अठरा वर्षांपुढच्यांनाच बोलवा, आणि आधी स्वतः पूर्ण बघा.

तिन्ही सिनेमे इंग्रजी आहेत, उच्चार कळायला जड जातात, सबटायटल हवेतच. आणि शो दुपारी ठेवा. रात्री आठचा ठेवला तर मुलींना घरून सोडत नाहीत.