डिशवॉशरचा ड्रेन पंप बदलून आठ महिने झाले

ड्रेन पंप, म्हणजे वापरलेलं पाणी बाहेर फेकणारा छोटा पंप, बदलला त्याच आठवड्यात लिहायला बसणार होते, पण मुद्दाम थांबले. नवा पंप सुरुवातीला चांगलाच चालतो. जोडाशी पाणी झिरपतं का, आवाज वाढत जातो का, काचेचा एखादा तुकडा गिळल्यावर काय होतं, हे कळायला महिने जावे लागतात. आमचं मशीन रोज एकदा चालतं, कधी कधी दोनदा. त्यामुळे अडीचशेच्या वर धुलाया या पंपावर झाल्या आहेत. एका धुलाईत पाणी एकदाच बाहेर जात नाही. आधीचं खळबळून घेणं, मुख्य धुलाई आणि नंतरचे एक-दोन स्वच्छ पाणी, असा प्रत्येक टप्पा संपला की पंप चालतो. म्हणजे हजारेक वेळा त्याने पाणी उपसलं असेल.

जुन्या पंपाचं दुखणं फार फसवं होतं. तो एका दिवसात बंद पडला असता तर मला इतके आठवडे घालवावे लागले नसते. मशीन मध्येच थांबायचं, पाणी बाहेर जात नसल्याचा कोड दिसायचा, आणि दार उघडलं की तळाशी गढूळ पाणी साचलेलं असायचं. बंद करून तासाभराने पुन्हा सुरू केलं की तेच पाणी सरळ निघून जायचं. मग चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती बऱ्याच जणांना घाबरवते. फिल्टर काढल्यावर खालच्या खळग्यात थोडं स्वच्छ पाणी दिसणं हा बिघाड नाही. ते तिथे राहतंच, त्यामुळे रबरी सील कोरडे पडत नाहीत. पाणी फिल्टरच्या वर आलेलं असेल, गढूळ असेल, वास मारत असेल, तर मात्र ते उपसलं गेलेलं नाही.

पहिला संशय फिल्टरवर घेतला. तो दर आठवड्याला धुतला जात होता, त्यात काही सापडलं नाही. मग बाहेर पडणारी नळी पाहिली. मशीन मागे सरकवताना ती भिंतीत चेपली जाते आणि हे बाहेरून दिसत नाही. आमची चेपलेली नव्हती. नळीचं दुसरं टोक सिंकखालच्या ट्रॅपला, म्हणजे तिथल्या वाकड्या पाइपला, जोडलेलं होतं. ते काढलं तर तोंडाशी चरबीचा पांढरट थर जमून भोक जवळजवळ निम्मं झालेलं. तो खरवडून काढल्यावर वाटलं, सापडलं! सहा दिवस मशीन नीट चाललं आणि सातव्या दिवशी पुन्हा थांबलं. चरबी काढायलाच हवी होती, पण मूळ कारण ती नव्हती.

त्यानंतर सर्व्हिसवाले आले. त्यांच्यासमोर मशीनने दोनदा व्यवस्थित पाणी काढलं. त्यांनी मल्टिमीटरने पंपाच्या कॉइलचा, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्याचा, रोध मोजला, आकडा ठीक आला, म्हणाले पंप चांगला आहे, कंट्रोल बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बदलून बघू. त्यांची मोजणी चूक नव्हती. पण त्या मोजणीने फक्त कॉइलची तार तुटलेली नाही एवढंच कळतं, आणि या सगळ्या लिखाणातून मला सांगायचंय ते हेच आहे. मीटर चांगला म्हणाला तरी पंप चांगला असेलच असं नाही. बोर्डाला मी नकार दिला आणि पुढचे दहा दिवस प्रत्येक धुलाईची नोंद वहीत लिहीत गेले: कोणता प्रोग्रॅम, कितव्या मिनिटाला अडलं, पाणी गरम होतं की गार.

नोंदींतून जे दिसलं त्याने मी चकित झाले. सुरुवातीचं गार पाणी प्रत्येक वेळी निघून जात होतं. अडत होतं ते मुख्य धुलाईनंतरचं, तापलेलं. कमी तापमानाच्या झटपट प्रोग्रॅमला एकदाही अडलं नाही. मशीन थंड झालं की पंप पुन्हा शहाण्यासारखा चालायचा. सर्व्हिसवाले आले तेव्हा मशीन थंडच होतं. बोर्ड बिघडला असता तर त्याने गार आणि गरम पाण्यात इतका नेमका भेद केला नसता.

पुढच्या वेळी अडलं तेव्हा मी खाली कान लावून ऐकलं. पंप पूर्ण गप्प नव्हता. बारीक घरघर यायची, थरथर जाणवायची, एक-दोन सेकंद थांबायचा, पुन्हा घरघर. म्हणजे वीज पोचत होती, पंप फिरायचा प्रयत्न करत होता आणि फिरू शकत नव्हता. पूर्ण शांतता असती तर तार, कनेक्टर, बोर्ड यांचा विचार केला असता.

यामागची रचना समजून घेतली तर पुढचं सोपं जातं. ड्रेन पंप ही साधारण ३० वॉटची छोटी सिंक्रोनस मोटर असते. आतला रोटर म्हणजे एक कायमचा चुंबक, आणि तो चक्क पाण्यातच फिरतो. कॉइल बाहेरच्या कोरड्या भागात असते, दोघांमध्ये प्लॅस्टिकची पातळ भिंत. त्यामुळे गळू शकेल असा फिरत्या दांड्याचा सीलच यात नसतो. ही कल्पना मला फार आवडली. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर असा दोन ध्रुवांचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो. सुरू होताना तो आधी मागे-पुढे थरथरतो आणि मग विजेच्या लयीत पकड घेतो. ती पकड घेता यावी म्हणून इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, रोटरला घट्ट जोडलेला नसतो, थोडा मोकळा हलतो. इंपेलर बोटाने फिरवला तर अडखळत, झटके देत फिरतो. तो चुंबकाचा ओढा असतो, बिघाड नाही. मीही आधी त्यालाच बिघाड समजले होते.

आता उघडायचं काम. प्लग काढला, पाण्याचा नळ बंद केला, तळातलं पाणी मगाने आणि उरलेलं स्पंजने टिपून घेतलं. हे शेवटचं अगदी मनापासून करा. मी घाई केली आणि त्याची किंमत पुढे मोजली. आमच्या मशीनमध्ये फिल्टरखाली पंपावर एक छोटं प्लॅस्टिकचं झाकण आहे, ते चमच्याच्या दांड्याने उचकटून निघतं. आत बोट घालायच्या आधी जाड हातमोजा घाला, कारण फुटलेल्या ग्लासचे तुकडे नेमके इथेच येऊन थांबतात. आमच्याकडे त्या दिवशी काच नव्हती, बाटलीच्या लेबलचा लगदा आणि एक टूथपिक निघाली. इतकंच निघालं असतं तर झाकण लावून मोकळी झाले असते. पण इंपेलर धरून हलवला तर तो आडवा लचकत होता. फेरी घेताना थोडा मोकळा असणं वेगळं आणि बाजूला कलणं वेगळं.

पंप बाहेर काढण्यासाठी मशीन ओढून, खाली जाड टॉवेल अंथरून, पाठीवर आडवं केलं. दोन माणसं हवीतच. खालचं आवरण काढल्यावर पंप दिसतो. कनेक्टरचा फोटो काढून तो सोडवला, अडकवणारी जीभ दाबली आणि पंप डावीकडे पाव फेरी फिरवला की हातात आला. स्क्रू एकही नाही. सगळ्याच मशीनमध्ये इतकं सोपं नसतं, काहींत बाजूचा पत्रा काढावा लागतो.

आमच्या जुन्या पंपाचं तोंड फिरवून उघडता आलं, म्हणून रोटर बाहेर काढून पाहता आला. एका बाजूला घासल्याचा चकचकीत पट्टा होता आणि त्याच्या समोर आतल्या भिंतीवर तसाच ओरखडा. रोटर ज्या बारीक आसावर फिरतो त्याची बैठक झिजून सैल झाली होती. गार असताना रोटर कसाबसा निसटायचा, गरम पाण्यात प्लॅस्टिक फुगून उरलीसुरली फटही मिटायची आणि तो भिंतीला टेकायचा. कॉइलचा रोध गार असताना १५८ ओहम आला होता, अडलेल्या धुलाईनंतर लगेच प्लग काढून मोजला तेव्हा सुमारे १८०. तांबं तापलं की रोध एवढा वाढतोच. म्हणजे कॉइल दोन्ही वेळा निरोगी होती.

ही मोजणी प्लग काढूनच करायची असते. चालू मशीनच्या खाली, ओल्या फरशीवर, २३० व्होल्ट तपासायला जाऊ नका. ते काम ज्याचं त्याला करू द्या.

नवा पंप मागवताना एक चूक झाली. फोटो पाहून तंतोतंत तसाच दिसणारा मागवला. आला तो खाचांच्या जागा वेगळ्या असलेला, बसेचना. परत पाठवला. दाराच्या कडेला असलेल्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्यायला हवा होता, नुसतं मशीनचं नाव पुरत नाही. जुन्या पंपावर छापलेला क्रमांक, व्होल्टेज, हर्ट्झ, वॉट, अडकवणाऱ्या खाचा किती आणि कुठे, कनेक्टरचं तोंड कोणत्या बाजूला, हे सगळं जुळलं पाहिजे. १२० व्होल्ट ६० हर्ट्झचे पंप दिसायला अगदी तसेच असतात, तेही बघून घ्या.

दुसरा पंप बरोबर आला. रबरी रिंग नवीच वापरली आणि भांड्यांच्या साबणाचं पाणी लावून बसवली. पेट्रोलियम जेली लावू नका. अशा रिंगा बहुधा ईपीडीएम रबराच्या असतात आणि पेट्रोलियमने ते रबर फुगतं. पंप आत दाबून उजवीकडे फिरवला, जीभ ‘टक्’ करून बसली. ही जीभ जुन्या पंपापेक्षा पातळ वाटली, आणि या पंपाबद्दल माझी खरी तक्रार तीच आहे. वारंवार काढ-घाल केली तर ती मोडेल असं वाटतं.

मशीन उभं केलं, सुरू केलं, आणि नवा पंप थांबेचना! पाणी नसतानाही नुसता घूं-घूं चालूच. क्षणभर काळजात धस्स झालं. कारण निघालं मघाची घाई. मशीन आडवं करताना आत राहिलेलं ग्लासभर पाणी तळाच्या ताटलीत सांडलं होतं. त्या ताटलीत थर्माकोलचा छोटा तरंगता तुकडा असतो. पाणी साचलं की तो वर उचलला जातो, मशीन गळतंय असं समजतं आणि पंप सतत चालू ठेवतं. प्लग काढून, मशीन तिरपं करून पाणी काढलं, कापडाने टिपलं, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी सगळं शांत होतं. तुमच्या मशीनचा पंप काहीही न दुरुस्त करता असा अखंड चालत असेल, तर आधी ही ताटली बघा. ती कोरडी असूनही चालत असेल तर बोर्डाकडे वळा.

चाचणीसाठी दोन लिटर पाणी आत ओतून प्रोग्रॅम रद्द केला. अर्ध्या मिनिटात पाणी गेलं. खाली टिश्यू पेपर अंथरून टॉर्चने पाहिलं, एक थेंब नाही. तरी लगेच आवरण लावलं नाही. आधी सर्वांत गरम प्रोग्रॅम रिकाम्या मशीनवर पूर्ण चालवला, कारण आमचं दुखणं गरम पाण्याचंच होतं. तो एकदाही न अडता पार पडला, तेव्हाच मला झोप लागली.

नंतरच्या आठ महिन्यांत आवाजाचा फरक रोज जाणवला. पाणी भरलेलं असताना नवा पंप जुन्यापेक्षा शांत आहे. शेवटी पाणी संपून हवा ओढायला लागतो तेव्हा मात्र अधिक तीक्ष्ण वाजतो. ती गुळगुळ सगळ्याच पंपांत असते, पण रात्री मशीन लावणाऱ्यांना कदाचित खुपेल. आम्ही आता दिवसा लावतो.

तिसऱ्या महिन्यात आत एक ग्लास तडकला आणि दुसऱ्या दिवशी खडखड ऐकू आली. झाकण उघडलं तर तांदळाएवढा काचेचा कण पात्यांशी अडकला होता. चिमट्याने काढला, पाती शाबूत होती. खडखड ऐकूनही मशीन चालू ठेवलं असतं तर पातं गेलं असतं.

पाचव्या महिन्यात पाणी हळू जाऊ लागलं. छातीत धडकी भरली, पण घरघर नव्हती, थरथर नव्हती, पंप मोकळा फिरत होता. पुन्हा ट्रॅपच्या तोंडाशी चरबी होती. तेव्हापासून महिन्यातून एकदा सर्वांत गरम प्रोग्रॅम चालवते आणि तीन महिन्यांनी ते टोक खरवडते. नळीची उंचीही तेव्हाच तपासली. तिचा मार्ग पुस्तिकेत दिलेल्या उंचीपेक्षा वर गेला की छोट्या पंपाला जड जातं, फार खाली ठेवली तर सिंकचं पाणी उलटं आत येऊ शकतं.

गेल्या आठवड्यात हे लिहायच्या आधी मशीन पुन्हा ओढून खालून पाहिलं. जोड कोरडा, कनेक्टरवर गंज नाही, जीभ जागच्या जागी. इंपेलर बाजूला कलत नाही. जुना पंप मी फेकलेला नाही, तो अवजारांच्या डब्यात आहे. मशीन वॉरंटीत असेल तर उघडू नका, आधी तिथे विचारा. नसेल आणि पाणी फक्त गरम असतानाच अडत असेल, तर बोर्ड मागवण्याआधी इंपेलर धरून आडवा हलवून बघा.